खरूचीचा आवाज व आपली नोंदवही

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या मासिक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गेल्या संमेलनात एका बाईंनी अशी सूचना मांडली होती की, परिसरातील पक्ष्यांचे आवाज भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ते वर्गात ऐकवावेत. सूचना उत्तम आहे. परंतु आवाज मुद्रित करणे आणि पक्ष्याचे अवलोकन करणे या दोन गोष्टींची सांगड घातली नाही, तर हाती केवळ गोंगाट उरतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. तो सांगण्यासाठी आज एकच पक्षी घेतो. तो म्हणजे खरूची.

आपल्या तालुक्याच्या माळांवर हा शिकारी पक्षी हिवाळ्याच्या तोंडाशी दिसू लागतो व उन्हाळा तापू लागला की बहुधा उत्तरेकडे निघून जातो. आकार सुमारे कबुतराएवढा. पाठ विटकरी, तिच्यावर काळे ठिपके. नराचे डोके व शेपटी राखी असते. मादीच्या तपकिरी शेपटीवर आडवे पट्टे असतात. टोळ, नाकतोडे, सरडे आणि उंदीर हे तिचे खाद्य. म्हणजे शेतकऱ्याचा हा पक्षी मित्रच होय. कापशी नावाचा दुसरा शिकारी पक्षीही खरूचीप्रमाणेच हवेत एका जागी थांबतो. पण तो पांढरट राखी, खांद्यावर काळा डाग असलेला व लाल डोळ्यांचा असतो. कापशीलाच खरूची समजून लिहिलेली परिसर-टिपणे मी शाळा-तपासणीच्या वेळी पुष्कळ पाहिली आहेत.

हवेत थांबण्याची तिची रीत पाहण्यासारखी असते. वाऱ्याकडे तोंड करून, वाऱ्याच्या वेगाइतक्याच वेगाने ती उडत राहते; म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला ती खिळल्यासारखी वाटते. पंख फडफडतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, पण डोके हलत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी रानातील खरूचींच्या उड्डाणाचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यात तिचे डोके अवघ्या काही मिलिमीटरांच्या मर्यादेत स्थिर राहते असे आढळले. मुलांना हे दाखवावयाचे असल्यास त्यांना विजेच्या खांबाच्या कडेशी डोळा जुळवून उभे करावे. डोके खांबाच्या कडेपासून सरकते की नाही, हे ती स्वतःच सांगतील.

आता आवाजाकडे वळू. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

१९९६ साली मी नुकताच डी.एड. होऊन माळरानावरील एका शाळेत रुजू झालो होतो. चौथीच्या वर्गाला ‘मी पाहिलेला पक्षी’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. मेंढरांमागे हिंडणाऱ्या एका मुलाने विटकरी पाठीच्या, हवेत थांबणाऱ्या पक्ष्याविषयी लिहिले. खरूचीचेच ते अचूक वर्णन होते. शेवटची ओळ होती, ‘हा पक्षी ओरडत नाही.’ माझ्याजवळच्या पुस्तकात तिचा आवाज ‘की-की-की’ असा दिलेला होता. मी तांबड्या शाईने ती ओळ खोडली व वर पुस्तकातील वाक्य लिहिले. मुलाने वाद घातला नाही. त्याने माझे वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून आणले. पुढच्या निबंधात मात्र त्याने स्वतः पाहिलेले काहीच लिहिले नाही. सर्व वाक्ये पुस्तकातील होती, आणि मी त्याला पूर्वीपेक्षा अधिक गुण दिले.

पुढे अनेक वर्षांनी मला स्वतःला पक्ष्यांचे आवाज मुद्रित करण्याचा छंद लागला. एका हिवाळ्यात त्याच प्रकारच्या माळावर मी आठ-दहा सकाळी घालविल्या. खरूची दररोज दिसे. तारेवर बसे, घिरट्या घाली, गवतात झेप टाकी, नाकतोडा पायांत धरून हवेतच खाई. मुद्रिकेत मात्र वारा, दूरचा ट्रॅक्टर व टिटवीचा कलकलाट एवढेच येई. मला वाटले, माझे यंत्र सदोष आहे. यंत्र सदोष नव्हते. खरूची ही घरट्याच्या परिसरात बोलणारी व इतरत्र बहुतांशी मौन राखणारी आहे. आपल्या माळावर ती पाहुणी म्हणून येते. तिचे घरटे तेथे नसते. क्वचित दुसऱ्या पक्ष्याशी झटापट झाली तर ती ओरडेलही, पण माझ्या त्या सकाळी तशा गेल्या नाहीत. मुलाने लिहिलेले त्याच्या माळापुरते आणि त्या ऋतूपुरते खरे होते. पुस्तकही खोटे नव्हते. ते फक्त कोठे व केव्हा हे सांगत नव्हते.

सह्याद्रीच्या कड्यांवर काही खरूच्या बारा महिने राहतात व तेथेच त्यांची वीण होते. त्या घरटे बांधीत नाहीत. कड्याची कपार किंवा दुसऱ्या पक्ष्याने सोडलेले घरटे त्यांना पुरते. एका उन्हाळ्याच्या आरंभी अशा कड्याखाली मी गेलो आणि जन्मात प्रथमच तो ‘की-की-की-की’ असा तीक्ष्ण, जलद आवाज ऐकला. पक्षीण माझ्या डोक्यावरून पुनःपुन्हा जात होती. आनंदाच्या भरात मी वीस मिनिटे मुद्रण केले. ते इतके स्वच्छ आले की, कोणालाही ऐकवावे. घरी येऊन ऐकताना मात्र ध्यानात आले की, ती वीस मिनिटे मी घरट्याच्या अगदी जवळ उभा होतो आणि तेवढा वेळ ती अंड्यांवर बसलेली नव्हती. तो आवाज खरूचीचा होता, पण कारण मी होतो. त्या मुद्रिकेच्या टिपणात मी ‘मनुष्य घरट्याजवळ आल्यामुळे’ असे शब्द घातले. ते लिहिण्यास हात जड झाला, हे प्रांजळपणे सांगतो.

पुढच्या खेपेस मी पलीकडच्या सोंडेवर, पुष्कळ दूर, दुर्बीण घेऊन बसलो. तेव्हा खरे संसारातील आवाज ऐकावयास मिळाले. अंडी बहुधा तीन ते सहा असतात व ती उबविण्यास सुमारे चार आठवडे लागतात. हे काम मुख्यतः मादी करते. या काळात नर शिकार करून तिला आणून देतो. नर जवळ येताना ‘त्सिक्’ असा तुटक आवाज देतो. मादी कापऱ्या, लांबविलेल्या, आर्जवी स्वरात उत्तर देते, कपारीतून निघून त्याच्याकडे जाते व भक्ष्य घेते. पुढे पिलेही तशाच आर्जवी स्वरात अन्न मागतात. एवढ्या अंतरावरून माझे मुद्रण अगदी क्षीण आले. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. तरीही माझ्या मते तेच मुद्रण अधिक मोलाचे, कारण प्रत्येक आवाजासमोर त्या वेळी कोणता पक्षी काय करीत होता, हे लिहिलेले आहे.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगण्यास आज वेळ नाही. एकच गोष्ट सांगतो. पक्ष्याच्या गाण्याचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण १८८९ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर केले. पक्षी होता पिंजऱ्यातील शामा, जो आपल्या सह्याद्रीच्या रानांतही गातो. हाच कॉख पुढे इंग्लंडमध्ये रानपक्ष्यांच्या मुद्रणासाठी प्रसिद्ध झाला. आपल्या चौथीच्या मुलांचे वय साधारण तेवढेच असते, म्हणून हे सांगितले. अमेरिकेत इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाने १९२९ साली रानपक्ष्यांचे आवाज मुद्रित करण्यास प्रारंभ केला. आज तेथे फार मोठा ध्वनिसंग्रह आहे.

आता प्रत्यक्ष काम. भ्रमणध्वनी हातात धरल्यास बोटांची खरखर येते. तो दगडावर अथवा पिशवीवर ठेवावा व वाऱ्याकडे पाठ करून बसावे. मुलांना मुद्रण चालू असता पूर्ण शांत राहण्याची सवय आधी दोन दिवस वर्गातच लावावी. हे वाटते त्यापेक्षा कठीण आहे. मुद्रण संपले की त्याच मुद्रिकेत तारीख, वेळ, स्थळ व हवामान तोंडी सांगून ठेवावे, म्हणजे नोंद हरवली तरी आवाज पोरका होत नाही. पक्षी डोळ्यांनी दिसला की केवळ ऐकू आला, हे अवश्य लिहावे. कोतवाल हा शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. नुसत्या कानावर विसंबून एका शाळेने ‘शिक्रा’ म्हणून जपलेला आवाज कोतवालाचा निघाल्याचे मला ठाऊक आहे. आवाज ओळखून नाव सांगणारी साधने भ्रमणध्वनीवर आता उपलब्ध आहेत. ती वापरावीत, पण त्यांनी दिलेले नाव नोंदवहीत ‘यंत्राने सांगितले’ असेच लिहावे.

मुद्रित आवाज पक्ष्याला ऐकवून त्याला जवळ बोलावण्याचा मोह कोणीही करू नये. विणीच्या काळात तर मुळीच नाही. त्याला तो परका प्रतिस्पर्धी वाटतो व तो घरटे सोडून त्याच्या शोधार्थ निघतो. अंडी वा घरटे यांना धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हाही आहे. मुलांना कड्याच्या जवळ तर मुळीच नेऊ नये, आणि यात पक्ष्याच्या हिताइतकाच त्यांच्या जिवाचाही विचार आहे.

माळावरच्या शाळांना खरूचीचा आवाज बहुधा मिळणार नाही. त्यांनी तरीही पाऊण तास बसावे आणि वहीत लिहावे: ‘पक्षी पंचेचाळीस मिनिटे दृष्टीस होता. सहा वेळा झेप घेतली, दोनदा भक्ष्य मिळाले. आवाज नाही.’ अशी नोंद आली की तिच्यावर तांबडी शाई चालवू नये. उलट ‘झेप सहाच होत्या हे कोणी मोजले?’ एवढे विचारावे.

तो मुलगा आता तेथेच शेती करतो. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी भेटला. मी त्या ओळीची आठवण काढली व माझी चूक सांगितली. त्याला ती ओळ आठवत नव्हती. ‘गुरुजी, तो पक्षी मात्र अजून येतो,’ एवढे तो म्हणाला, आणि कोणत्या तारेवर बसतो तेही त्याने सांगितले.

पुढील संमेलनास प्रत्येक शाळेने एका पक्ष्याची, निदान चार दिवसांची नोंद घेऊन यावे. मुद्रिका नसली तरी चालेल. वही मात्र मुलांच्या हस्ताक्षरातील असावी.