गाळलेली निम्मी कादंबरी

गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरचा चित्रपट पाहताना आपण बहुधा एवढंच तपासतो, की नायक-नायिका आपल्या मनातल्यासारखे दिसतात का? मी मात्र आधी पाहतो, की काय गाळलं आहे.

एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ ही १८४७ सालची कादंबरी घ्या. तिच्यावर विल्यम वायलर यांनी १९३९ मध्ये काढलेला चित्रपट रसिक आजही आठवतात. हीथक्लिफ झाले लॉरेन्स ऑलिव्हिए आणि कॅथी झाली मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन. ग्रेग टोलंड यांच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं.

पण कादंबरीत प्रकरणं आहेत ३४, आणि कॅथीचा मृत्यू होतो सोळाव्या प्रकरणात. चित्रपट मात्र तिथंच आटोपतो. शेवटी दोघांचे आत्मे बर्फातून चालत जाताना दिसतात. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या आग्रहानं जोडलेलं हे दृश्य खुद्द वायलर यांनाच पसंत नव्हतं.

मग उरलेल्या निम्म्या कादंबरीत आहे काय? तर पुढची पिढी. कॅथीच्या भावानं, हिंडलेनं, पोरक्या हीथक्लिफचं शिक्षण तोडून त्याला गड्यासारखं राबवलेलं असतं. हीथक्लिफ त्याचा सूड हिंडलेच्या मुलावर, हेअरटनवर उगवतो. त्याला अक्षरओळखसुद्धा होऊ देत नाही. कॅथीची मुलगी या अडाणी मामेभावाची आधी टिंगल करते, आणि पुढे तीच त्याला शेजारी बसवून वाचायला शिकवते. सुडाची परंपरा तिथं थांबते.

हा भाग काढला की उरते नुसती विरहकथा आणि हीथक्लिफचं क्रौर्यही प्रेमापोटी माफ होऊन जातं. आपण सोसलेला अन्याय पुढच्यांच्या माथी मारायचा का, हा कादंबरीचा खरा प्रश्न पडद्यावर येतच नाही.

वेळ अपुरा होता, ही सबबही पटत नाही. पीटर कोस्मिन्स्की यांनी १९९२ च्या चित्रपटात साधारण तेवढ्याच वेळात दोन्ही पिढ्या दाखवल्या. ज्युलिएट बिनोशनं आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या. चित्रपट थोडा धावपळीचा झाला खरा, पण मूळ प्रश्न शाबूत राहिला.

तेव्हा वायलर यांचा चित्रपट जरूर पाहा, त्याचा आनंद घ्या. आणि तो संपला, की कादंबरीचं सतरावं प्रकरण उघडा.