एक हुकूम, चार अंमलदार

ज्वराने अंग फणफणले की आपण हवापाण्यास बोल लावतो. परंतु त्या तापाचा हुकूम, पेशींच्या आवरणातील स्निग्धाम्लापासून घडणाऱ्या आणि आसपासच आपले कार्य आटोपून अल्पावधीत नष्ट होणाऱ्या, प्रोस्टाग्लँडिन ई-२ नामक एका क्षणभंगुर द्रव्याकडून सुटलेला असतो. हुकूम एकच, पण तो रुजू करून घेणारे अंमलदार, म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली ग्राहक-प्रथिने, चार जातींचे, आणि अंमलबजावणी ज्याची त्याची निराळी. दुसरा व चौथा ग्राहक पेशीतील चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून स्नायू शिथिल करतात, तिसरा बहुधा तेच घटवितो, तर पहिला कॅल्शियमची पातळी चढवून आकुंचन घडवितो. मेंदूतील अधश्चेतकातल्या तिसऱ्या ग्राहकास वर्दी पोचली, की देहाची उष्णता चढू लागते.

ताप उतरविणारे ॲस्पिरिन या अंमलदारांच्या वाटेस जात नाही. ते हुकूम लिहिणारे दप्तरच बंद पाडते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. नावाची गंमत अशी, की उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३० च्या दशकात हे द्रव्य पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचे समजून तिचेच नाव त्यास दिले. वस्तुतः त्याची निर्मिती जवळजवळ सर्व देहभर चालते.