अटळ दंड आणि प्रमादशील न्याय



 वकिलांच्या परिषदेच्या अध्यक्षाने व्यवसायाच्या अडीअडचणींचा परामर्श घ्यावा असा शिरस्ता आहे. परंतु तुंबलेली प्रकरणे, अपुरी न्यायालये आणि रिक्त जागा यांविषयी परिषदेच्या ठरावांतून सविस्तर विचार होणारच असल्यामुळे, ज्याच्या उत्तराची जबाबदारी इतर कोणाहीपेक्षा फौजदारी न्यायालयात उभे राहणाऱ्यांवर अधिक पडते, अशा एका प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधणार आहे. देहान्ताची शिक्षा आपल्या कायद्यात राहावी काय? माझे मत मी आरंभीच सांगतो: ती राहू नये.

हा वाद आपल्या भूमीत फार जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात द्युमत्सेन राजा आणि त्याचा पुत्र सत्यवान यांचा या विषयावरील संवाद आलेला आहे. वधासाठी नेल्या जाणाऱ्या अपराध्यांना पाहून सत्यवान पित्यास म्हणतो की, वध हा राजधर्म होऊ शकत नाही, कारण एका दस्यूला मारताना त्याच्या निरपराध मातापित्यांचा आणि स्त्रीपुत्रांचाही घात होतो, आणि दुर्जनाच्या ठायीही सुधारणेची शक्यता उरलेली असते. वध्यांना दंड केला नाही तर सर्व मर्यादांचा संकर होईल, हे राजाचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने तेथे नोंदलेले आहे. पुढे घटना समितीत ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची वाट असावी काय, याची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, असे सांगितले. अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या देशाने शक्य तेथवर तो पाळावा, हे त्यांचे कारण होते.

प्रतिपक्षाचा सर्वांत बलवान युक्तिवाद प्रतिबंधाचा नाही. जन्मठेपेहून फाशीचा धाक अधिक बसतो असे दाखविणारा पुरावा नाही, हे २०१५ साली न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६२व्या अहवालात स्पष्ट केले आहे. १९६७ च्या ३५व्या अहवालात आयोगाने हीच शिक्षा कायम ठेवण्याची शिफारस केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मतांतराचे महत्त्व कळते. खरा युक्तिवाद आहे तो शोकाचा. ज्या आईची मुलगी क्रूरपणे मारली गेली, तिने अपराध्याच्या मृत्यूची मागणी केली तर तिला नीतिपाठ देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तिच्या क्रोधापुढे मी नतमस्तक आहे. परंतु तिचा शोक कितीही खरा असला, तरी समोर उभा केलेला मनुष्यच खरा अपराधी आहे किंवा नाही, हे त्या शोकावरून ठरत नाही. ते पंचनामे, जबान्या, ओळखपरेड आणि उलटतपासणी यांवरून ठरते, आणि ही साधने किती ठिसूळ असतात, हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगावयास नको.

आपल्या कायद्याची वाटचालही या शंकेच्याच दिशेने झालेली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुनाच्या खटल्यात फाशी न देता कमी शिक्षा दिली, तर न्यायाधीशाला त्याची कारणे नोंदवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ती सक्ती गेली. १९७३ च्या संहितेने क्रमच उलटविला आणि फाशी देण्यासाठी विशेष कारणे आवश्यक ठरविली. आणि १९८० साली बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही शिक्षा वैध ठरविताना ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली. त्या पीठावरील न्या. भगवती यांनी आपल्या भिन्नमतपत्रात असा धोका दाखविला की, जीव राहणे की जाणे हे कायद्यापेक्षा न्यायपीठाच्या रचनेवर अवलंबून राहील.

तो धोका खरा ठरला. उत्तर प्रदेशातील एकाच हत्याकांडात सारखाच सहभाग असलेल्या तिघांना फाशी फर्मावण्यात आली होती. त्यांतील एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याचा अर्ज फेटाळला जाऊन त्यास ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर चढविण्यात आले. आणि तिसऱ्याची फाशी ऐनवेळी तहकूब झाली म्हणूनच ही विसंगती न्यायालयाच्या ध्यानात आली. पुढे २००९ साली महाराष्ट्रातीलच एका अपिलाचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, १९९६ च्या एका निकालात गुन्हेगाराची परिस्थिती विचारात न घेता केवळ गुन्ह्याकडे पाहण्यात आले, हे बच्चनसिंग निर्णयाशी विसंगत होते, आणि त्याच चुकीच्या आधारावर नंतरचे अनेक निकाल देण्यात आले. ही कबुली येण्यापूर्वीच अशा निकालांनुसार दोन माणसांना फाशी दिली गेली होती. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी, अशाच सदोष निकालांनी फाशी ठोठावलेल्या इतरांची शिक्षा कमी व्हावी, अशी विनंती राष्ट्रपतींना केली.

आणि आपल्याच राज्यातील २००३ सालचा खटला घ्या. भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा कमी केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरविली. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष मुक्त केले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देवविली. प्रमुख साक्षीदाराने पूर्वी पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच माणसांना ओळखले होते, ही गोष्ट आधीच्या टप्प्यांवर दबून राहिली होती. न्यायाच्या तीन पायऱ्या चढून गेलेली चूक चौथ्या वेळी उघड झाली, ती केवळ हे सहा जण तोवर जिवंत होते म्हणून. मृत माणसाला कोणतेही न्यायालय भरपाई देऊ शकत नाही.

दहशतवादापुरता अपवाद ठेवावा, अशी विधी आयोगाची २०१५ ची शिफारस होती. आयोगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला ती मान्य नाही. कारण जेथे लोकक्षोभ सर्वांत तीव्र, तेथे आरोपी उभे करण्याची घाईही सर्वांत तीव्र असते. अक्षरधाम मंदिरावरील दहशतवादी हल्ल्याच्या प्रकरणात फाशी झालेल्या तिघांसह सहा आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडले, आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले.

या शिक्षेचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, फाशी झालेल्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. ज्याच्याजवळ वकिलाची फी नाही, त्याच्या प्राणाचा प्रश्न नाममात्र मानधनावर नेमलेल्या, कागदपत्रे हाती पडून काही दिवसच झालेल्या वकिलावर सोपविला जातो. आणि शिक्षा कायम झाल्यावर दयेचा अर्ज सरकारी दप्तरांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. अशाच विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली पुण्यातील एका प्रकरणातील आणि २०२२ साली कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. पीडितांच्या कुटुंबांना न्यायाचे आश्वासन देऊन दोन दशके ताटकळत ठेवणे आणि अखेरीस ते आश्वासनही न पाळणे, हा त्या शोकाचा सन्मान नव्हे. शीघ्र तपास, साक्षीदारांचे संरक्षण, आणि स्वामी श्रद्धानंद खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली, सवलतीवाचून भोगावयाची दीर्घ जन्मठेप, एवढे जर आपण खात्रीने देऊ शकलो, तर समाजाचे रक्षण होईल आणि चूक दुरुस्त करण्याची वाटही खुली राहील.

कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, आणि तशी मागणी करणारा ठराव या परिषदेने संमत करावा, अशी माझी विनंती आहे. परंतु तोवर आपले कर्तव्य स्थगित राहत नाही. आरोपीची मानसिक स्थिती, पूर्वायुष्य आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयासमोरच आली पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेला आहे. त्या आदेशाला तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत अर्थ द्यावयाचा तो आपण. प्रत्येक जिल्हा वकील संघाने अशा खटल्यांसाठी अनुभवी फौजदारी वकिलांची यादी सिद्ध करावी, त्यांतील ज्येष्ठांनी वर्षातून किमान एक प्रकरण विनामूल्य पहिल्या दिवसापासून चालवावे, आणि कनिष्ठांनी आरोपीच्या गावी जाऊन त्याच्या आयुष्याची कैफियत गोळा करावी. ज्या सत्तेला माणसाचा प्राण परत देता येत नाही, तिच्या हाती तो प्राण जाऊ न देण्यासाठी कायद्याने दिलेले प्रत्येक साधन वापरणे, हाच आपल्या सनदेचा अर्थ आहे, अशी माझी श्रद्धा आहे. हा ठराव मी आपल्या विचारार्थ ठेवतो.