ओसरीवरची वेल आणि यवतमाळची हवा



पगारवाढ आणि बोनस सोडून आम्ही आज कुंडीतल्या वेलीवर बोलणार, हे कळल्यावर आमच्या युनियनच्या कचेरीतील मंडळी पोट धरून हसली. हसू द्या. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि घरच्या ओसरीवर. त्यातले ओसरीवरचे आज सांगतो.

वेल म्हणजे आपण जिला मनीप्लांट म्हणतो ती. पैसा आणते म्हणून लोक लावतात. आमच्याकडे ती पुष्कळ वर्षे आहे. पैशाचे काय झाले ते आमच्या चपलांकडे पाहून ठरवावे. तिचे मूळ गाव पॅसिफिक महासागरात, ताहितीशेजारचे मूरेआ बेट. तेथे हवा दमट, उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा फरक नाही, आणि वेल थोराड झाडांच्या सावलीत खोड धरून चढते. आता आपले यवतमाळ पाहा. मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, पौषातल्या एखाद्या पहाटे थंडी 10 अंशांखाली. मध्येच चैत्रात आभाळ भरून येते, वावटळ सुटते आणि गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पुष्कळांना आठवत असेल. ज्यांचा गहू-हरभरा आडवा झाला त्यांच्यापुढे फाटलेल्या पानांचे दुःख काढायची आम्हांला लाज वाटली होती.

पहिली वेल आम्ही मारली, आणि ती हौसेने मारली. कुंडीत शेतातली काळी माती भरली. कपाशीला चालते ती हिला का चालू नये, असा आमचा युक्तिवाद. पण काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीच्या कोंडीत मुळांना श्वास घ्यायला जागाच राहत नाही. काळ्या मातीत बरीच वाळू, पालापाचोळ्याचे खत आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे लागते, हे नंतर कळले. दुसरी चूक याहून मोठी. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेली वेल आम्ही मार्चमध्ये एकदम पश्चिमेच्या ओसरीवर ठेवली. वर पत्रा, खाली तापलेली शहाबादी फरशी. दोन दिवसांत पानांवर पांढरे चट्टे आले, मग ती कागदासारखी तपकिरी झाली. असे भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही.

कारण साधे आहे. सावलीत फुटलेले पान थोडा उजेड वेचण्यासाठी घडलेले असते. भर उन्हाचा मारा पेलण्याची तयारी त्यात नसते. ती तयारी नव्या फुटणाऱ्या पानांत येते, आणि तिला वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवशी सकाळचा तासभर, मग रोज थोडे वाढवीत दोन आठवडे, आणि तेही पूर्वेच्या ओसरीवर. दुपारचे ऊन कधीच नको.

हे लिहून ठेवले त्याच उन्हाळ्यात एका बांधकामावर एक पोरगा कोसळला. आधी तो दुकानात, पंख्याखाली काम करीत होता. मे महिन्यात त्याला स्लॅबवर चढवला. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. कसाबसा वाचला. मुकादम म्हणाला, "बाकीचे करतात ना? मग यालाच काय झाले?" बाकीचे चैत्रापासून उन्हात होते, हे त्याच्या ध्यानातच येईना. अमेरिकेच्या सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे की, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातले काम 20 टक्क्यांपेक्षा अधिक देऊ नये आणि पुढे रोज 20 टक्क्यांहून अधिक वाढवू नये. आम्ही ती मागणी लेखी दिली. मालक म्हणाले, पाच दिवसांची मजुरी कोण भरणार? त्या प्रश्नावर आमचे भांडण अजून चालू आहे.

वेलीकडे वळतो. परक्या दमट हवेतली वेल कोरड्या मुलखात जगवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. रामटेकचे पानमळे पाहा. नागवेलही दमट, सावलीच्या मुलखातली. पानमळेवाले तिला शेवगा, शेवरी, पांगारा, हादगा यांच्या आधाराने चढवतात, म्हणजे आधार तोच आणि छत्रीही तीच. कडेने वारा अडवतात आणि पाणी थोडे थोडे पण वरचेवर देतात. आम्ही ओसरीच्या पश्चिम अंगाला ओले गोणपाट टांगले, कुंडी मातीची घेतली, विटांवर ठेवली आणि चार कुंड्या एकमेकींना लागून मांडल्या. पानांतून निघालेला ओलावा मग शेजारणींच्या उपयोगी पडतो. शेळी मात्र दूर ठेवावी, आणि लहान मुलेही; या पानाने तोंडाची आग होते.

एक गोष्ट शिकायला आम्हांला सर्वांत जास्त वर्षे लागली. वेल मलूल दिसली की आम्ही तांब्या घेऊन धावत असू. पण तहानेने पान लोंबते, आणि मूळ कुजले तरी तसेच लोंबते. आधी बोट मातीत पेरभर घालून पाहावे. माती ओली असून दुपारी पान लोंबत असेल तर काही करू नये. सांजेला ते आपोआप सावरते. सांजेलाही सावरले नाही तर मुळे तपासावीत.

2018 चा उन्हाळा आपण सर्वांनी भोगला आहे. निळोणा आणि चापडोह तळाला गेले, गल्लीत टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा. अशा वेळी कुंडीला पाणी घालायचे म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घालायचे. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम तांदूळ धुतलेले पाणी दिले. पुढे तेही भांडी विसळायला लागू लागले. एके दिवशी त्यांनीच विळीने वेल कापली. तीन पेरांचे एक कांडे औषधाच्या बाटलीत, वाटीभर पाण्यात खोचले आणि माठाच्या तिवईशी ठेवले. ओसरीवरचे सारे वाळले. माठाजवळचा गारवा आणि ओल मात्र त्या कांड्याला पुरली. त्या जागेचा विचार आमच्या डोक्यात कधी आला नव्हता.

मृगाचे दोन पाऊस पडून हवा निवली, तेव्हा ते कांडे मुळे धरून कुंडीत गेले. आज आमच्या ओसरीवर आहेत त्या सगळ्या कुंड्या त्याच एका बाटलीच्या. यंदाची छाटणी सौभाग्यवतींनी आजच केली आहे आणि कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून मागच्या बाकावर ठेवली आहेत. ज्यांना हवी त्यांनी जाताना घ्यावीत, मात्र तीन पेरांहून लांब मागू नयेत.