सा दुसऱ्याला द्या

माझी लेक इथे स्कारबरोत शाळेच्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवते. परवा बेसमेंटमधून रडकुंडीला येऊन वर आली. ‘बाबा, सी मेजर नाइनमध्ये पाच स्वर आहेत. माझी बोटं पुरत नाहीत. मी बँड सोडते.’

मी लहानपणी पेटी शिकलेला. पांढरी एकचा सा धरला, तर हे पाच स्वर म्हणजे सा, ग, प, नी आणि वरचा रे. तिला म्हटलं, ‘सा सोडून दे. तो बास गिटारवाला धरतोच.’ उरले ग, प, नी, रे. आता क्रम बदलून रे तळाशी घेऊ: रे, प, नी, ग. म्हणजे डी, जी, बी, ई. गिटारच्या जमिनीकडच्या चार मोकळ्या तारा! एकही बोट लागत नाही.

फोनवरचा तानपुरा सी ला लावला, तिने तारा छेडल्या. सी मेजर नाइन. तानपुरा जी ला नेला. त्याच तारा, पण आता जी सिक्स्थ. कॉर्डचं नाव खालचा स्वर ठरवतो.

आपल्या टोरोंटोचे गिटारवादक एड बिकर्ट असेच मोजके स्वर घेत. १९७५ मध्ये ‘बर्बन स्ट्रीट’ क्लबात ते पॉल डेझमंडसोबत वाजवत होते, तेव्हा चौकडीत पियानो नव्हता. खालचे स्वर बासवर डॉन थॉम्प्सन सांभाळत. ते रेकॉर्डिंग जरूर ऐका.

लेक अजून बँडमध्ये आहे. रोज संध्याकाळी हाक येते, ‘बाबा, सा धरा!’