बेळगावात फाशी गेलेले नरगुंदकर
(गणेशोत्सवानिमित्त मंडळात केलेले भाषण)



सत्तावन्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाशी, कानपूर उभे राहते. राणी लक्ष्मीबाईंची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते, आणि ती असावीच. पण ज्या बेळगावात आपण दरवर्षी गणपती बसवतो, त्याच बेळगावात १२ जून १८५८ रोजी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना फाशी दिले गेले, हे आपल्यापैकी किती घरांत सांगितले जाते?

बाबासाहेबांना वारस नव्हता. दत्तकाची परवानगी इंग्रजांनी नाकारली. वर तोफा आणि दारूगोळा ताब्यात देण्याचा हुकूम आला. हेच दुखणे मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांचे होते. शिकार आणि राखणदारीवर जगणाऱ्या या माणसांना शस्त्र म्हणजे भाकरी आणि अब्रू. त्यांनी शस्त्रे द्यायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज आली, गाव जाळले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फासावर चढवले.

आता तारखा पाहा. कोल्हापुरात सैनिक उठले ते जुलै १८५७ च्या अखेरीस. हलगली नोव्हेंबरात. नरगुंद आणि मुंडरगीचे भीमराव उठले मे १८५८ मध्ये. पोलिटिकल एजंट मॅन्सन २९ मेच्या रात्री सुरेबान येथे मारला गेला. पुढच्या काही दिवसांतच नरगुंद पडले, भीमराव कोप्पळच्या किल्ल्यात कामी आले आणि बाबासाहेब पकडले गेले. शौर्य कुठेच कमी नव्हते. पण प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी उठला, आणि इंग्रजांना एकेकाला गाठून चिरडता आले. आधी हत्यारे काढून घ्यायची, मग फौज पाठवायची, शेवटी लोकांना दहशत बसावी म्हणून फाशी द्यायची, अशी ती रीत होती.

भाव्यांच्या घरची भाषा मराठी, हलगलीकरांची कानडी. दोघांवरही हुकूम एकच आला आणि दोर एकच पडला. आज भाषेवरून आपल्या भागात मने दुखावतात. आपली मराठी आपण जपूच, त्यात कसूर नको. पण या मातीतले हुतात्मे वाटून घेता येत नाहीत, हेही मुलांना सांगू.

येत्या सुट्टीत आपण मुलांना घेऊन नरगुंदचा किल्ला चढू या. आणि परतताना वाट थोडी वाकडी करून हलगलीलाही जाऊ या.

गणपती बाप्पा मोरया!