अंदाज आणि यंत्रबुद्धि
घर बांधावयास काढलेल्या गृहस्थास गवंडी दिवाळीचा वायदा करतो, आणि होळी उलटली तरी भिंती ओल्याच असतात. मोठ्या कामांचीहि तीच कथा. सिडनीचें ऑपेरा हाऊस ७० लक्ष डॉलरांत, १९६३ सालीं पुरें व्हावयाचें होतें. तें खुलें झालें १९७३ सालीं, आणि खर्च १० कोटि २० लक्षांवर गेला. छपराचा आराखडा पक्का होण्यापूर्वींच, १९५९ सालीं, काम सुरू झालें होतें. मागाहून छपराच्या भारासाठीं खांब पुन्हां उभारावे लागले.

डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं या खोडीस नियोजनाचा भ्रम असें नांव दिलें. मनुष्य आपलें काम जगावेगळें मानतो. तशाच पूर्वींच्या कामांना किती काळ लागला, हें पाहावयाचें विसरतो.

येथें कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगीं पडते. जुन्या कामांचे हिशेब व वेळापत्रकें पडताळून, हातचें काम किती लांबण्याचा संभव आहे हें ती सांगते. आराखडे वारंवार बदलूं लागले, कीं वेळींच इशारा देते.

परंतु तिचें ज्ञान नोंदींएवढेंच खरें. उशीर लपविणाऱ्याची नोंदवही वाचून यंत्रहि तीच लबाडी शिकेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें सर्वांस ठाऊक आहे. यंत्र अंथरुणाची लांबी मोजून देईल. पाय आवरणें मात्र ज्याचें त्यालाच भाग आहे.